घरच्या वाय-फायचे कुलूप नेमके कुठे कच्चे असते?

२६ जुलै २००८ च्या संध्याकाळी अहमदाबाद शहर साखळी बॉम्बस्फोटांनी हादरले. पहिला स्फोट होण्याच्या काही मिनिटे आधी काही वृत्तवाहिन्यांना या हल्ल्याची जबाबदारी घेणारा ई-मेल पोहोचला होता. तपास पथकाने त्या ई-मेलचा माग काढला, तेव्हा तो नवी मुंबईत सानपाड्यातल्या एका सदनिकेत जाऊन थांबला. तिथे एक अमेरिकन नागरिक राहत होता. त्याच्या घरच्या वाय-फायला कोणतेही संरक्षण नव्हते आणि ई-मेल पाठवणाऱ्यांनी नेमका त्याचाच फायदा घेतला होता. पुढच्या महिन्यात तसाच आणखी एक ई-मेल माटुंग्यातल्या एका महाविद्यालयाच्या वाय-फायवरून गेला, आणि १३ सप्टेंबरला दिल्लीत झालेल्या स्फोटांच्या वेळचा ई-मेल चेंबूरमधल्या एका खासगी कंपनीच्या वाय-फायवरून. जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी शहरात फिरून उघडी वाय-फाय शोधण्याची मोहीम जाहीर केली आणि त्याच वर्षी केंद्राच्या दूरसंचार विभागाने इंटरनेट पुरवठादारांना वाय-फाय सुरक्षित ठेवण्याबाबत सूचना दिल्या.

वाय-फायच्या सुरक्षेचा विषय निघाला की बहुतेक घरांत एकच उत्तर मिळते: आमच्याकडे चोरण्यासारखे आहे तरी काय, शेजाऱ्याने वापरलेच तर थोडा डेटा जाईल. सानपाड्याच्या प्रकरणात डेटा चोरीला गेला नव्हता, तर घराचा इंटरनेटवरचा पत्ता वापरला गेला होता. आपल्या घरात चार फोन, एक लॅपटॉप आणि एक टीव्ही असला, तरी राउटर त्या सगळ्यांचे बोलणे एकत्र करून बाहेरच्या जगाशी एकाच पत्त्याने बोलतो. त्यामुळे पलीकडच्या संकेतस्थळाला किंवा पुढे तपास करणाऱ्या पोलिसांना फक्त तो पत्ता दिसतो. त्या पत्त्यामागे घरातली व्यक्ती होती की जिन्यात बसलेला अनोळखी माणूस, हे त्यावरून कळत नाही. शिवाय एकदा आत शिरलेला माणूस केवळ इंटरनेट वापरत नाही, तर घरातले इतर संगणक, कॅमेरे आणि खुद्द राउटर यांच्याशी थेट बोलू शकतो, आणि ते त्याच्यासाठी जास्त मोलाचे असते.

आज पूर्णपणे उघडे वाय-फाय घरांत क्वचितच आढळते. फायबरचे कनेक्शन द्यायला आलेला माणूस जाण्यापूर्वी पासवर्ड टाकूनच जातो. कुलूप लागलेले असते, पण ते कुठे कच्चे आहे याची घरच्या माणसांना कल्पना नसते, आणि म्हणून अनेकदा ती मजबूत जागीच आणखी खिळे ठोकत बसतात.

वायरने जोडलेल्या संगणकाचे बोलणे ऐकायचे असेल तर वायरीपर्यंत पोहोचावे लागते. वाय-फाय हा रेडिओ आहे. राउटरने आपल्या फोनसाठी सोडलेला प्रत्येक संदेश सगळ्या दिशांना पसरतो, भिंतीतून काही प्रमाणात आरपार जातो आणि खालच्या मजल्यावरच्या, समोरच्या इमारतीतल्या किंवा रस्त्यावर उभ्या असलेल्या गाडीतल्या कोणत्याही यंत्राला तो ऐकता येतो. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतींमधून अधिक दूर जातात, ५ गिगाहर्ट्झच्या लवकर मंदावतात. पण आपल्या फोनला जिथे ‘सिग्नल नाही’ दिसते तिथेही चांगल्या दिशादर्शक अँटेनाला तो सापडू शकतो. ऐकणे थांबवता येत नसल्यामुळे संरक्षण एकाच प्रकारे होऊ शकते: ऐकणाऱ्याला काही कळणार नाही अशा सांकेतिक रूपात बोलणे. वाय-फायच्या सुरक्षेचा इतिहास म्हणजे ही सांकेतिक भाषा तीन वेळा बदलावी लागल्याचा इतिहास आहे.

वाय-फायचे पहिले मानक १९९७ मध्ये आले आणि त्यासोबत डब्ल्यूईपी नावाचे पहिले कुलूप आले. त्यात प्रत्येक संदेशासाठी किल्ली थोडी बदलावी म्हणून मूळ किल्लीला २४ बिटांचा एक बदलता आकडा जोडला जाई. २४ बिटांचे एकूण आकडे होतात १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६. संख्या मोठी वाटते, पण वर्दळीच्या नेटवर्कवर तेवढे संदेश काही तासांत जातात. मग आकडे पुन्हा येऊ लागतात, आणि एकाच किल्लीने बंद केलेले दोन संदेश हाती आले की त्यांची तुलना करून आतला मजकूर काढता येतो. २००१ मध्ये फ्लुरर, मँटिन आणि शामीर या तीन संशोधकांनी याहून खोल दोष दाखवला: काही विशिष्ट आकडे मूळ किल्लीचाच भाग उघड करत होते. २००७ मध्ये जर्मनीतील डार्मश्टाट येथील संशोधकांनी हे कुलूप एका मिनिटाच्या आत उघडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्याच वर्षी अमेरिकेतील टीजेएक्स या दुकानसाखळीतून किमान ४ कोटी ५७ लाख कार्डांची माहिती चोरीला गेल्याचे उघड झाले, आणि चोरांनी शिरकाव केला होता तो दुकानातल्या, याच जुन्या कुलपाने बंद केलेल्या वाय-फायमधून.

दरम्यान २००३ मध्येच तात्पुरती डागडुजी म्हणून डब्ल्यूपीए आले आणि २००४ मध्ये डब्ल्यूपीए-२. यात एईएस ही सांकेतिक पद्धत वापरली जाते, जी आजही मोडता आलेली नाही. २०१७ मध्ये बेल्जियमच्या लोव्हेन विद्यापीठातील मॅथी व्हानहूफ यांनी डब्ल्यूपीए-२ मध्येही एक फट दाखवली: जोडणी होताना तिसरा संदेश मुद्दाम पुन्हा पाठवला, तर फोन आधी वापरलेली किल्ली पुन्हा पहिल्यापासून वापरू लागतो. ‘क्रॅक’ या नावाने ती गाजली. पण त्यात पासवर्ड फुटत नव्हता आणि फोन, लॅपटॉप व राउटर यांच्या सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरणाने ती बुजवता आली. २०१८ मध्ये डब्ल्यूपीए-३ आले, त्याकडे पुढे येतोच. सध्या आपल्या घरात बहुधा डब्ल्यूपीए-२ चालू असेल, आणि त्यात घाबरण्यासारखे काही नाही, जर पासवर्ड चांगला असेल तर. सगळे अडते ते या ‘जर’पाशी.

डब्ल्यूपीए-२ मध्ये फोन राउटरला पासवर्ड कधीच सांगत नाही. दोघेही पासवर्ड आणि नेटवर्कचे नाव एका गणिती चक्कीत ४,०९६ वेळा दळून एक लांबलचक किल्ली तयार करतात, एकमेकांना यादृच्छिक आकडे पाठवतात, आणि त्या आकड्यांवर किल्लीने सही करून ‘मला ती माहीत आहे’ एवढेच सिद्ध करतात. चार संदेशांची ही देवाणघेवाण हवेतून होते आणि ती कोणालाही नोंदवून ठेवता येते. नोंदवणाऱ्याला त्यातून पासवर्ड उलगडता येत नाही. पण त्याला एक कसोटी मिळते. घरी जाऊन तो स्वतःच्या संगणकावर एकेक पासवर्ड कल्पून तीच चक्की फिरवू शकतो आणि सही जुळते का ते पाहू शकतो. जुळली की पासवर्ड सापडला. या सगळ्या काळात तो आपल्या घराजवळ फिरकतही नाही, राउटरला एकही चुकीचा पासवर्ड दिला जात नाही, आणि म्हणून ‘तीन वेळा चुकले की बंद’ असा कोणताही अडसर त्याला थांबवू शकत नाही.

जोडणीची ही चार वाक्ये ऐकायला तासन्‌तास थांबण्याचीही गरज नसते. ‘जोडणी तोड’ हा वाय-फायमधला आदेश जुन्या पद्धतीत सहीशिवाय चालतो. म्हणजे राउटरच्या नावाने कोणीही तो आपल्या फोनला पाठवू शकतो, फोन बिचारा आज्ञाधारकपणे बाहेर पडतो, लगेच पुन्हा जोडला जातो, आणि नव्या जोडणीचे चारही संदेश ऐकणाऱ्याच्या हाती पडतात. २०१८ मध्ये तर असेही दिसून आले की अनेक राउटर मागणाऱ्याला पहिल्याच संदेशात पुरेशी माहिती देऊन टाकतात. घरात एकही फोन जोडलेला नसला तरी चालते.

आता हिशेब पाहू. चांगल्यापैकी ग्राफिक्स कार्ड असलेला एक संगणक सेकंदाला सुमारे दहा लाख पासवर्ड या कसोटीवर घासून पाहू शकतो. आठ अंकी पासवर्ड, म्हणजे जन्मतारीख किंवा तत्सम काही, असेल तर एकूण शक्यता दहा कोटी. सगळ्या तपासायला दोन मिनिटेही लागत नाहीत. आपल्याकडे फार लोकप्रिय असलेला पासवर्ड म्हणजे घरातल्या कोणाचा तरी मोबाइल क्रमांक. दहा अंक असल्यामुळे तो भक्कम वाटतो, पण भारतातले मोबाइल क्रमांक ६ ते ९ यांपैकीच एका अंकाने सुरू होतात. म्हणजे शक्यता फार तर चारशे कोटी, आणि त्या सगळ्या संपायला साधारण एक तास सात मिनिटे. हा फक्त कागदावरचा हिशेब नाही. २०२१ मध्ये सायबरआर्क या कंपनीच्या एका संशोधकाने तेल अवीव शहरात फिरून ५,००० वाय-फाय नेटवर्कची अशी नोंद गोळा केली आणि त्यातल्या ३,५०० हून अधिक नेटवर्कचे पासवर्ड शोधून काढले. तिथेही फुटलेल्यांपैकी बहुतेक पासवर्ड मोबाइल क्रमांकच होते. ही सवय फक्त आपली नाही, एवढाच काय तो दिलासा.

देवाचे, मुलाचे किंवा आडनावाचे रोमन लिपीतले स्पेलिंग, पहिले अक्षर मोठे, पुढे ॲटचे चिन्ह आणि १२३, हा दुसरा लाडका साचा. त्यात मोठे अक्षर, चिन्ह आणि आकडा असे सगळे ‘नियम’ पाळलेले असतात, पण पासवर्ड फोडणारी सॉफ्टवेअर अक्षरामागून अक्षर लावत बसत नाहीत. ती आधी नावांच्या आणि पूर्वी फुटलेल्या पासवर्डांच्या याद्या घेतात आणि त्यांना नेमके हेच शेपूट लावून पाहतात. याउलट बारा लहान रोमन अक्षरे खरोखरच कशीही निवडली, एकही आकडा किंवा चिन्ह न घालता, तर त्याच संगणकाला सगळ्या शक्यता तपासायला सुमारे तीन हजार वर्षे लागतील. पासवर्डची ताकद त्याच्या अवघडपणात नसते, तो किती लांब आणि किती अंदाजाबाहेरचा आहे यात असते. पाठ होण्यासाठी सोपा उपाय म्हणजे एकमेकांशी काही संबंध नसलेले पाच शब्द घेणे: खलबत्ता, तिकीट, पाणघोडा, चष्मा, उंबरठा अशा धर्तीचे, आणि ते सलग रोमनमध्ये लिहिणे. म्हणी, अभंगाच्या ओळी आणि गाण्यांची ध्रुवपदे टाळावीत, कारण जे आपल्याला पाठ आहे ते यादीतही असू शकते. पाहुण्यांना सांगायला असा पासवर्ड बरा पडतो हा वेगळा फायदा. वाय-फायचा पासवर्ड वर्षातून फार तर चार वेळा टाकावा लागतो, तेव्हा तो लांब असल्याची तक्रार करण्यात अर्थ नाही.

आता डब्ल्यूपीए-३. त्यात पासवर्ड सिद्ध करण्याची पद्धतच बदलली आहे. हवेतली देवाणघेवाण नोंदवून घेतली तरी तिच्यातून घरी नेण्याजोगी कसोटी मिळत नाही; प्रत्येक अंदाजासाठी राउटरशी प्रत्यक्ष बोलावे लागते, आणि मग सेकंदाला दहा लाखांचा वेग राहत नाही. ‘जोडणी तोड’सारख्या आदेशांवर सहीही सक्तीची केली आहे. २०१९ मध्ये व्हानहूफ आणि एयाल रोनेन यांनी सुरुवातीच्या काही डब्ल्यूपीए-३ उपकरणांत दोष दाखवले आणि ते दुरुस्त झाले. जुलै २०२० पासून वाय-फायचे अधिकृत प्रमाणपत्र मिळवणाऱ्या नव्या उपकरणांना डब्ल्यूपीए-३ आवश्यक आहे. अडचण एवढीच की घरातला जुना टीव्ही, कॅमेरा किंवा स्मार्ट बल्ब त्याला ओळखत नाही. त्यासाठी राउटरमध्ये दोन्ही पद्धती एकत्र चालवण्याचा पर्याय असतो; तो निवडावा. मात्र त्या एकत्र अवस्थेत पासवर्ड एकच असतो आणि जुनी उपकरणे जुन्याच पद्धतीने बोलतात, म्हणून लांब पासवर्डपासून सुटका होत नाही.

पासवर्ड कितीही मोठा ठेवला तरी त्याला वळसा घालून आत येण्याची एक मागची वाट अनेक राउटरमध्ये कारखान्यातूनच येते. तिचे नाव डब्ल्यूपीएस. प्रिंटरसारखी उपकरणे पासवर्ड न टाकता जोडता यावीत म्हणून तिच्यात आठ अंकी पिन ठेवलेला असतो. आठ अंक म्हणजे दहा कोटी शक्यता असे वाटते; पण शेवटचा अंक आधीच्या सात अंकांवरून ठरतो, आणि राउटर पहिले चार अंक व उरलेले तीन अंक वेगवेगळे तपासून ‘पहिला भाग चुकला’ की ‘दुसरा भाग चुकला’ हे सांगून टाकतो. त्यामुळे दहा हजार अधिक एक हजार, म्हणजे फक्त अकरा हजार प्रयत्न पुरतात. एखाद्या तिजोरीने प्रत्येक आकडा बरोबर लागला की ‘टक’ असा आवाज करावा, तसा हा प्रकार. डिसेंबर २०११ मध्ये ही चूक उजेडात आली. त्यानंतरच्या अनेक राउटरमध्ये काही चुकीच्या प्रयत्नांनंतर पिन बंद होतो, पण सगळ्यांत नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये डब्ल्यूपीएस बंद करून टाकावे. घरात त्याची आठवणही कोणाला येणार नाही.

इथपर्यंतचे सगळे वाय-फायच्या पासवर्डबद्दल होते. राउटरला दुसरा एक पासवर्ड असतो, आणि बहुसंख्य घरांत तो कोणी कधी पाहिलेलाही नसतो. राउटर हा एक छोटा संगणक आहे. त्याच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावर एक पत्ता, एक वापरकर्ता-नाव आणि एक पासवर्ड छापलेला असतो. तो पत्ता ब्राउझरमध्ये टाकला की राउटरची सेटिंग उघडतात. अनेक राउटरमध्ये नाव आणि पासवर्ड दोन्ही ‘ॲडमिन’च असतात. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रॅमने जगभरातील लाखो कॅमेरे, त्यांचे चित्रण साठवणारे डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले, तेव्हा त्याच्याजवळ कोणतीही हुशार युक्ती नव्हती; कारखान्यातून येणाऱ्या सुमारे साठ नाव-पासवर्ड जोड्यांची यादी होती आणि तो ती एकेक करून लावून पाहत होता. त्या उपकरणांच्या एकत्रित माऱ्याने २१ ऑक्टोबर २०१६ रोजी संकेतस्थळांच्या नावांचे प्रत्यक्ष पत्ते सांगणाऱ्या डाइन या कंपनीची सेवा कोलमडली आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारखी संकेतस्थळे अनेकांना तासन्‌तास उघडेनाशी झाली. ज्यांच्या भिंतीवर ते कॅमेरे होते त्यांतल्या बहुतेकांना आपण या हल्ल्यात सामील होतो हे कळलेही नसावे.

राउटर ताब्यात आल्यावर घरच्यांवर उलटणारा प्रकारही आहे. आपण बँकेच्या संकेतस्थळाचे नाव टाकतो तेव्हा त्या नावाचा प्रत्यक्ष पत्ता कोणाला विचारायचा हे राउटर ठरवतो. ती विचारपूस करण्याची जागाच बदलली, तर नाव बरोबर टाकूनही आपण भलत्याच दारात पोहोचू शकतो. ब्राझीलमध्ये २०११-१२ च्या सुमारास ४५ लाख मोडेममध्ये हाच बदल गुपचूप केला गेला आणि लोकांना बनावट पानांकडे वळवून बँकेचे तपशील लुटले गेले. म्हणून राउटरचा हा दुसरा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा, तो वाय-फायच्या पासवर्डपेक्षा वेगळा असावा, आणि राउटरच्याच तळाशी लिहून ठेवला तरी बिघडत नाही. घरात शिरून राउटर उलटा करून पाहणाऱ्या चोराची गोष्ट निराळी. ‘रिमोट मॅनेजमेंट’ म्हणजे बाहेरून सेटिंग बदलण्याची सोय बंद ठेवावी. कंपनीने दिलेल्या राउटरमध्ये ती कधी कधी कंपनीच्या कामासाठी चालू असते; त्याबाबत ग्राहकसेवेला विचारून घ्यावे.

राउटरचे सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवणे ही सर्वांत कंटाळवाणी आणि म्हणूनच सर्वांत दुर्लक्षित गोष्ट. इंटरनेट कंपनीने दिलेला राउटर बहुधा कंपनीच दुरून अद्ययावत करते. दुकानातून आणलेल्या राउटरला मात्र कोणी वाली नसतो; त्याच्या सेटिंगमध्ये आपोआप अद्ययावत होण्याचा पर्याय असेल तर तो चालू करावा. उत्पादकाने ज्या राउटरसाठी सुधारणा देणे थांबवले आहे तो चालतो आहे म्हणून ठेवणे हे मात्र चुकीची काटकसर होय. व्हानहूफ यांनीच २०२१ मध्ये वाय-फायमधील दोषांचा आणखी एक संच प्रसिद्ध केला, ज्यातले काही दोष १९९७ पासून मानकातच दडून होते. अशा वेळी ज्याला सुधारणा मिळतात तो राउटर सावरतो, दुसरा तसाच राहतो.

काही उपाय मात्र मोठ्या विश्वासाने सुचवले जातात आणि त्यांचा फारसा उपयोग नसतो. नेटवर्कचे नाव लपवणे हा त्यांतला पहिला. राउटर नाव सांगायचे थांबतो, पण आपला फोन जोडला जाताना ते नाव उघड उच्चारतो. उलट काही फोन लपलेल्या नेटवर्कला बाहेर गावीही हाका मारत फिरतात. ठरावीक उपकरणांच्या मॅक पत्त्यांनाच, म्हणजे त्यांच्या ओळखक्रमांकांनाच, प्रवेश देणे हा दुसरा. मॅक पत्ता प्रत्येक संदेशावर उघडा लिहिलेला असतो आणि तो नक्कल करायला अर्धे मिनिट पुरते. म्हणजे दारावर पाटी लावायची नाही आणि आत येणाऱ्यांचे चेहरे पाहायचे, पण मुखवटे बाजारात मिळतात. नेटवर्कच्या नावात आडनाव आणि सदनिका क्रमांक घालू नये, एवढे मात्र जरूर पाळावे. ऐकणाऱ्याला कोणाचे घर हे आपणच कशाला सांगायचे?

पासवर्ड किती जणांकडे गेला आहे याचा हिशेब कोणीच ठेवत नाही. दुरुस्तीला आलेला, वरच्या मजल्यावरचा विद्यार्थी, लग्नाला आलेले वीस पाहुणे. फोनवरून वाय-फाय ‘शेअर’ करताना जो क्यूआर कोड दिसतो, त्यात पासवर्ड साध्या अक्षरांत लिहिलेला असतो. त्याचे छायाचित्र नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटात टाकणे म्हणजे पासवर्डच टाकणे. यावर राउटरमध्ये ‘गेस्ट नेटवर्क’ नावाची उत्तम सोय असते आणि ती वापरली जात नाही याचे मला नेहमी नवल वाटते. पाहुण्यांसाठी वेगळे नाव आणि वेगळा पासवर्ड. त्यावरून इंटरनेट मिळते, पण घरातल्या संगणकांपर्यंत पोहोचता येत नाही. माझ्या मते पाहुण्यांपेक्षाही ती सोय टीव्ही, कॅमेरे आणि बल्ब यांच्यासाठी जास्त मोलाची आहे. ज्या उपकरणांना सुधारणा क्वचितच मिळतात ती उपकरणे आपल्या बँकेचे व्यवहार होणाऱ्या लॅपटॉपच्या पंगतीला बसवू नयेत. हीच गोष्ट दवाखान्यांना आणि दुकानांना दुप्पट लागू आहे, जिथे बिलाचा संगणक आणि गिऱ्हाइकांचे फोन एकाच वाय-फायवर असतात. दहापेक्षा अधिक माणसांच्या कार्यालयाने तर प्रत्येकाला स्वतंत्र नाव-पासवर्ड देणारी ‘एंटरप्राइज’ पद्धत घ्यावी, म्हणजे एक माणूस नोकरी सोडून गेला की सगळ्यांचा पासवर्ड बदलावा लागत नाही.

घराबाहेरचे वाय-फाय हा वेगळा प्रश्न आहे, कारण तिथे राउटर आपला नसतो. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून रेल्वे स्थानकांवर मोफत वाय-फाय सुरू झाले, तेव्हापासून मोबाइल क्रमांक देऊन ओटीपी टाकण्याची पद्धत सर्वांच्या अंगवळणी पडली. अनेकांना वाटते की ओटीपी टाकला म्हणजे जोडणी सुरक्षित झाली. तो ओटीपी सेवा देणाऱ्याला आपण कोण हे कळावे म्हणून असतो, म्हणजे सानपाड्यासारखे प्रकरण पुन्हा घडले तर माग काढता यावा. हवेतले बोलणे सांकेतिक करण्याशी त्याचा काही संबंध नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये ‘फायरशीप’ नावाचे एक छोटे साधन प्रसिद्ध झाले होते, ज्याने उघड्या वाय-फायवर शेजारी बसलेल्याच्या फेसबुक खात्यात एका क्लिकने शिरता येत असे. त्या धक्क्यानंतर मोठ्या संकेतस्थळांनी स्वतःचे बोलणे सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांकेतिक करायला घेतले आणि आज बँका, ई-मेल आणि व्यवहाराची ॲप तसेच चालतात. ऐकणाऱ्याला आपण कोणत्या संकेतस्थळावर गेलो हे कळू शकते. काय लिहिले ते कळत नाही. त्यामुळे सार्वजनिक वाय-फायवर पाऊल ठेवताच सर्वस्व लुटले जाते, ही व्हीपीएन, म्हणजे आपले सगळे बोलणे सांकेतिक करून पुढे नेणारी सेवा, विकणाऱ्यांच्या जाहिरातींतली भीती आता बरीच अतिशयोक्त आहे.

खरा धोका तिथे ऐकण्याचा नसून तोतयाचा आहे. वाय-फायचे नाव कोणाच्याही मालकीचे नसते. स्थानकावरच्या, विमानतळावरच्या किंवा हॉटेलातल्या नेटवर्कचे नाव हुबेहूब घेऊन कोणीही पिशवीतल्या छोट्या यंत्रावरून तसेच नेटवर्क सुरू करू शकतो, आणि ज्याचा सिग्नल जोरदार त्याच्याकडे फोन आपोआप वळतो. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संघराज्य पोलिसांनी एका व्यक्तीवर नेमका हाच आरोप ठेवला. देशांतर्गत विमानात कर्मचाऱ्यांना एक संशयास्पद वाय-फाय दिसल्यामुळे ते प्रकरण उघडकीस आले. जोडल्या जाणाऱ्या प्रवाशांना एक बनावट पान दिसे आणि त्यावर ई-मेल किंवा समाजमाध्यमाच्या खात्याने प्रवेश करायला सांगितले जाई. म्हणजे सांकेतिक भाषा मोडण्याची गरजच नाही. लोक पासवर्ड स्वतःच्या हाताने लिहून देतात. मोफत वाय-फायच्या पानाने मोबाइल क्रमांकाच्या पलीकडे काहीही मागितले, ई-मेलचा पासवर्ड, कार्डाचे आकडे किंवा यूपीआयचा पिन, तर तिथूनच परतावे. ‘हे प्रमाणपत्र विश्वासार्ह नाही’ असा इशारा ब्राउझरने दिला तर ‘तरीही पुढे जा’ दाबू नये. अशा नेटवर्कना आपोआप जोडले जाण्याची सोय फोनमध्ये बंद करावी आणि वापरून झाले की नाव ‘विसर’ म्हणून काढून टाकावे. पैशाचा व्यवहार करायचाच असेल तर तेवढ्यापुरता मोबाइल डेटा वापरणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

आपल्या वाय-फायवर परके कोणी आहे अशी शंका आली, तर राउटरच्या सेटिंगमध्ये किंवा कंपनीच्या ॲपमध्ये जोडलेल्या उपकरणांची यादी पाहता येते. ती यादी पाहून पहिल्यांदा माणूस घाबरतोच, कारण तिच्यात ओळखीची नावे कमी आणि अगम्य आकडेच जास्त असतात. गेल्या काही वर्षांतले फोन गोपनीयतेसाठी प्रत्येक नेटवर्कवर वेगळा, बनवलेला मॅक पत्ता सांगतात, त्यामुळे अनोळखी दिसणारे उपकरण आपल्याच आईचा फोन असू शकतो. घरातली उपकरणे एकेक करून बंद करावीत आणि शेवटी काय उरते ते पाहावे. काही उरलेच, तर फक्त त्या एका उपकरणाला अडवून थांबू नये, कारण ते नवा पत्ता घेऊन परत येईल. वाय-फायचा पासवर्ड, राउटरचा पासवर्ड आणि डब्ल्यूपीएस हे तिन्ही एकाच बैठकीत उरकावे. राउटरच्याच सेटिंग बदललेल्या आढळल्या, तर मागच्या बारीक छिद्रात टाचणी दाबून, राउटरप्रमाणे लागतील तितके सेकंद, त्याला कारखान्याच्या अवस्थेत न्यावे आणि मगच नव्याने मांडावे. मात्र त्याआधी इंटरनेट कंपनीने दिलेले जोडणीचे नाव आणि पासवर्ड हाताशी आहेत का ते पाहावे, नाहीतर इंटरनेटच बंद पडते. संगणकात काही शिरले असावे असे वाटले, तर केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राची मोफत साधने आहेत, आणि पैशाची फसवणूक झाली असेल तर १९३० या क्रमांकावर तासाभराच्या आत कळवलेले बरे. पासवर्ड बदलल्यावर टीव्ही, कॅमेरा, प्रिंटर आणि सगळ्यांचे फोन पुन्हा जोडण्यात एक अख्खी संध्याकाळ जाते. त्याच संध्याकाळी जोडलेल्या प्रत्येक उपकरणाचे नाव एका कागदावर लिहून तो राउटरजवळ ठेवला, तर पुढच्या वेळी यादी पाहताना ती वाचता येते.